लाखेवरचा ठसा

उंदीरच. एकदा सांगितलं ना — उंदीर. कपाशीचं घर आहे हे, अख्ख्या धरणगावात कोणत्या घरात उंदीर नाही ते दाखवा मला — तुमच्या जळगावात नसतील, तिथले उंदीर सराफाच्या दुकानात सोनं खात असतील, आमचे कागद खातात. रेडिओच्या पोटात कागदाचा कर्णा होता, तो खाल्ला. संपलं. आता पुढच्या कापडाच्या भोकातून वाकून वाकून काय बघता? कागदाची कड सरळ आहे? असेल सरळ. उंदराला काय सरळ चालता येत नाही? — आणि असं नाकातल्या नाकात हसायचं नाही, एजंटसाहेब. आमच्या पडवीत, आमच्या घोंगडीवर बसून, आमचं पाणी पिऊन हसायचं नाही. मी नाही बोलावलं तुम्हाला. आबांनी बोलावलं. आबा म्हणजे माझे सासरे, ते गेलेत पारावर, येतील इतक्यात — आणि ते येईपर्यंतच माझं तोंड चालतं, म्हणून ऐकून घ्या. हे खाटेवर बसलेत ते माझे मालक. त्यांना काय विचारता? लहानपणी कान फुटले, वाहत राहिले, पडदे गेले. तुमच्याकडं बघून हसतात ते ऐकू आलं म्हणून नाही. पाहुणा आला की हसायचं, एवढंच जमतं त्यांना.

आता मागून कशाला फिरवता त्याला? — लाख? आहे की लाख. तुमचं सील जिथं होतं तिथंच आहे, स्क्रूच्या डोक्यावर. तुमची तांबडी होती? मग ही काळी पडली असेल, चुलीच्या धुरानं माणूस काळा पडतो, लाखेचं काय घेऊन बसलात. ठसा? असेल कशाचा तरी गोल... बघू नका असं माझ्या गळ्याकडं. बाईमाणसाच्या गळ्याकडं बघायची रीत आहे का तुमच्या कंपनीत? — बरं. वाटीचा आहे. मंगळसूत्राच्या वाटीचा. झालं समाधान? तुमच्यासारखा शिक्का आमच्याकडं कुठला, मग गळ्यात होतं ते दाबलं लाखेवर. उलथणं तापवलं, तुमची लाख वितळवली, ढब्बू पैशाच्या कडेनं स्क्रू फिरवले, मागची फळी काढली. मी. ह्या हातांनी. नव्हता उंदीर.

आता काढा तो छापील कागद. काढाच. मला वाचता येत नाही पण तुम्ही मागच्या खेपेला वाचून दाखवलं होतं आबांना, मी दाराआडून ऐकलं — सील तोडलं तर हमी गेली, सेट उघडायचा तो फक्त एजंटानं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मला एक सांगा. आम्ही बाजारातून बैल आणला, तर विकणारा म्हणतो का, नाल ठोकायची तर माझ्याकडंच आणा, दुसऱ्यानं खूर उचलला तर बैल तुमचा नाही? घागर घेतली तर कासार म्हणतो का, आत हात घालून घासायची नाही? मग ह्याच्यातच असं काय आहे — देव बसलाय आत? मी बघितलं आत. देव नाही. धूळ आहे, तारा आहेत, काचेचे दिवे आहेत, आणि एक मेलेलं झुरळ आहे, ते तुमच्याच जळगावहून आलंय सील लावून. आणि म्हणे आबांचा रेडिओ! पावती आबांच्या नावची, ते खरं. पण पैसा कशाचा? माझ्या पाटल्या मोडल्या ना. माझ्या बापानं घातलेल्या. मला विचारलं नाही कुणी, आबांनी हात पुढं केला, मी काढून दिल्या. तेव्हा कुणी म्हणालं नाही की सोन्याला सील आहे. तेव्हा मी दिल्या तशा घेतल्या. म्हणून सांगते, ह्याला उघडायचा हक्क असला कुणाला तर तो मला आहे. चोरी कसली? आपल्या घराचं कुलूप आपण तोडलं तर फौजदार येतो?

का उघडला — आता विचारलंत. आधी हसून घेतलंत, मग विचारलंत.

तुमचं लग्न झालंय? झालं असेल. तुमची बायको तुमच्याशी बोलते? म्हणजे भाजीत मीठ कमी आहे, पोराला ताप आहे, तुमची बहीण जरा जास्तच करते — असलं? आमच्यात सासऱ्यासमोर सुनेनं आवाज काढायचा नाही. पदर नाकापर्यंत, आणि आवाज पदराच्या आत. आबा तिकडून खाकरले की आम्ही इकडं भिंतीला. सगळ्याच घरांत तसं आहे, मी काही जगावेगळी नाही. पण बाकीच्या बाया कुजबुजतात की नवऱ्याशी. मी काय करू? मोठ्यानं बोलले तर आबा ऐकतील, हळू बोलले तर हे ऐकत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून हातानं बोलते मी. जेवायला चला — असा हात. बैल सुटला — असा हात. पण मला राग आलाय, ह्याला कोणता हात करायचा? सांगा ना. आणि राग यायचा, साहेब. बठ्ठा, सगळा राग पोटात. पोर गेलं माझं — जाऊ द्या ते. तेव्हाही हातच केला मी.

मग एक दिवस सकाळी हे दातण करत होते. तोंडात निंबाची काडी, आणि आबांनी लावलेला रेडिओ पुसत होते. काडीचं टोक रेडिओच्या पुढच्या कापडाला टेकलं. आणि हे थबकले. काडी काढली, पुन्हा टेकवली. दातांनी घट्ट धरली. भजन चाललं होतं, आणि हे मान डोलवायला लागले — तालात. चुकून नाही, तालात. मी चुलीपुढं होते, भाकरी करपली माझी. काडीवाटे, दातांवाटे, कुठून तरी आत पोचत होतं. मी काय म्हणाले मनात, ठाऊक आहे? देवाला हात नाही जोडले. मी म्हणाले, मेल्या, तुला भजन ऐकू येतं, आणि मी?

आखाजीच्या सणाला माहेरी गेले, सोनगीरला. भाऊ माझा, लोटन, धुळ्याच्या भंगारबाजारात काम करतो, तिथं लढाईतलं लष्करी सामान अजून किलोवर विकतात. त्याला सांगितलं. त्यानं एक डबी दिली — कानाला लावायची असते, फौजेतल्या फोनची — तिला तारा जोडून दिल्या. म्हणाला, अक्का, रेडिओच्या मागं दोन भोकं असतात, तबकडीचा बाजा जोडायला, त्यात ह्या तारा घाल आणि डबीत बोल, कानाची असली तरी तोंडाचंही काम करते. उघडायचंही काम नाही, तुमचं सीलसुद्धा शाबूत. आले, आबा पारावर गेलेले बघितले, ह्यांना काडी दिली तोंडात, तारा घातल्या. आता पहिलं काय बोलायचं? इतकं साठलेलं होतं, आणि तोंडातून नावच निघालं. त्यांचं नाव. बायकोनं घ्यायचं नसतं ते. हळूच म्हणाले मी — देवाशप्पथ हळूच. पण आवाजाचं बटण होतं पार शेवटपर्यंत पिळलेलं, आणि तुमचा तो कागदाचा कर्णा असा बोंबलला, की 'तोताराम!' म्हणून अख्ख्या आळीत गेलं. कबुतरं उडाली.

आणि आबा दारात.

मी तारा ओढल्या, डबी पदरात. संपलं आता, म्हटलं, घालवतात मला माहेरी. आणि आबा काय करतात? डोळ्यांत पाणी. 'मुंबईवालास्नी मन्हा तोतानं नाव लिधं!' म्हणाले. रेडिओवर नाव घेतलं माझ्या पोराचं! आल्या पावली पारावर गेले, गूळ वाटला साऱ्यांना. त्यांना वाटलं मुंबईची बाई बोलली. माझा आवाज त्यांनी ओळखला नाही कसा, म्हणता? अहो, कसा ओळखतील? ऐकलाय कुठं त्यांनी कधी?

हसा. आता हसलात तरी चालेल. मीही हसले होते, पदरात तोंड घालून. पण त्यापुढं आली पंचाईत. हे काडी घेऊन माझ्या मागं मागं — पुन्हा बोल. आणि बोलायचं कसं? कर्णा बोंबलणार. आळी ऐकणार. मग मी विचार केला, ह्या कर्ण्याचं आम्हाला काय काम? ह्यांना तर कागद नकोच, ह्यांना मधलं ते बोटभर नळकांडं थरथरतं तेवढं हवं. म्हणून उघडला, आणि कात्रीनं कागद काढला गोल. मधलं राखलं. पुढच्या कापडाला भोक पाडलं काडीपुरतं. आता रेडिओ मुका झाला — जगाला मुका. ह्यांना बोलतो. तुम्ही म्हणता बिघडवला. बिघडवला नाही हो, आमच्या कामाचा केला.

काय बोलते? गोड नाही बोलत, तसं काही मनात आणू नका. भांडते. आबा पारावर गेले की मी डबी घेते आणि भांडते. जुनं जुनं काढून भांडते. तुमच्या बहिणीनं माझं पातळ नेलं तेव्हा तुम्ही हसत का बसलात. पोराला जळगावला दवाखान्यात न्या म्हणून मी हात जोडत होते, तुम्हाला कळलं नाही की कळून बसलात. एक दिवस विचारलंच. काडी दातात तशीच, आणि डोळे गळायला लागले त्यांचे. म्हणाले — ते फार हळू बोलतात, बहिऱ्या माणसाच्या मानानं — म्हणाले, मला वाटलं तू पाणी मागतेस म्हणून हात जोडतेस. पाणी आणून दिलं होतं त्यांनी. हो, दिलं होतं. मला आठवतं. तेव्हा मी तो तांब्या फेकून दिला होता.

असो. तुमच्याशी हे बोलायचं नव्हतं मला.

मुद्द्याचं बोला. ताकाला आलेय तर भांडं कशाला लपवू? आता काडी नुसती दातांना गुदगुल्या करते म्हणतात हे. शब्द पोचत नाही. बॅटरी नवी घातली, तरी तेच. लोटन येऊन बघून गेला, म्हणाला वाल उतरलाय, काचेचा तो शेवटचा दिवा. तुमच्या त्या पिशवीत आहे. मघाशी फडक्यात गुंडाळलेला दिसला मला. तो द्या. दाम घ्या, काय असेल तो, फुकट नको. — नाही? सुटा वाल द्यायचा नाही, कंपनीचा नियम? तुमचा वाल म्हणजे काय कानबाईचा रोट आहे, भाऊबंदांच्या बाहेर गेला तर देवी कोपेल? अगोदर सेट जळगावला न्यायचा, नवा कर्णा, तारा बाहेर, पुढचं कापड नवं, वर तांबडं सील, आणि मग वाल? म्हणजे रेडिओ नीट होणार आणि मी बंद पडणार. वा! आणि आबा रोज संध्याकाळी समोर बसणार, मुंबई पुन्हा कधी नाव घेते म्हणून. त्यासाठीच तर बोलावलंय तुम्हाला. बाजारभावासाठी नाही, कशासाठी नाही. म्हातारा त्या एका हाकेची वाट बघतोय, आणि ती हाक इथं पडवीत उभी आहे तुमच्याशी हुज्जत घालत.

काय म्हणालात? — सांगणार? आबांना सगळं सांगणार? सेट कुणी फोडला ते लिहून द्यावं लागतं? सांगा ना! सांगा, बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून सांगा, कात्री लावली म्हणून सांगा, वाटीचा ठसा दाखवा त्यांना. मला भीती नाही कुणाची. तुमच्यासारखे छप्पन एजंट आले तरी मी ह्या रेडिओला पुन्हा सील लावू देणार नाही, चालते व्हा तुम्ही, उचला तुमची पिशवी, निघा, जळगावची गाडी चुकेल, आणि पुन्हा ह्या दारात पाऊल टाकलंत तर ह्याच उलथण्यानं मी —

थांबा.

खाकरले. ऐकलंत? कोपऱ्यावर आले. आबाच. काठी वाजतेय.

वाल ठेवा. तिथं खाटेवर, ह्यांच्या मांडीखाली, ते हसतील, हसू द्या. तुम्हाला विचारतील, काय झालं ह्याला. मला आता बोलता येणार नाही. भाऊ, ऐका — दार वाजलं — उंदीर म्हणा, भाऊ, उंदरांनी खाल्लं म्ह—