कावेरीची दोरी आणि मामांचा कडुनिंब

झाडं पाडायला निघालेल्यांशी भांडून मी वैतागलोय, पण हे ऐकाच. अण्णा नगरच्या एका मामांना अंगणातला कडुनिंब पाडायचा होता. का, तर वाळकी फांदी गाडीवर पडेल! आम्ही झाडांच्या फांद्या छाटणारे; म्हटलं, फांदीच काढतो.

माझी जोडीदार कावेरी घाईत माझा हार्नेस, म्हणजे दोरीला अडकवायचा कमरपट्टा, चढवून वर गेली आणि लटकली. पोटासमोरची दोरी माझ्या लांब हातांच्या मापाची. ज्या गाठीवर वरखाली व्हायचं, तीच तिच्या हाताला लागेना.

"अय्यो! झाडच पाडा!" मामा ओरडले.

"दोरी लांब झाली म्हणून झाड पाडता, मामा?" मी विचारलं.

कावेरीने फांदीवर पाय रोवून अंग वर उचललं, गाठ गाठली, दोरी आखूड केली आणि वाळकी फांदी अलगद उतरवली.

मामा वर बघत राहिले. "पलीकडचीही वाळलीय, काढ गं. पण हिरवीला करवत लावलीस तर याद राख!"