तीन मणांचा उतारू

(कराडच्या पेठेतली गुळाची अडत. मोठा काटा टांगलेला. एका पारड्यात मलकापूरचे हंबीरराव उभे आहेत. त्यांची बायको साळूबाई गाठोड्यांच्या राशीजवळ बसली आहे. अडतीचे दिवाणजी चिंतामणपंत दुसऱ्या पारड्यात वजनं टाकत आहेत. साल १९४८.)

चिंतामण : हंबीरराव, ती साखळी सोडा. तुम्ही लोंबकळलात की काटा खोटं बोलतो.

हंबीरराव : सोडली तर पडतो की. तीन धोतरं नेसलोय. गुडघं वाकंनात.

चिंतामण : तीन?

हंबीरराव : तुमीच वाचून दावलं न्हवं, इमानवालं अंगावरचं सामानात धरत न्हाईत म्हणून? मग घातलं अंगावर. तीन धोतरं, चार सदरं, आमच्या पोराचा, जोत्याचा, जुना लष्करी कोट, आन वर बिराप्पानं लेकासाठी दिलेलं घोंगडं.

चिंतामण : मी 'अंगावरचा कोट' असं वाचलं होतं. एक कोट! आणि त्या खिशात काय आहे?

हंबीरराव : कुठल्या खिशात?

चिंतामण : मुंग्या लागल्यात त्या.

हंबीरराव : आसंल थोडा गूळ.

साळूबाई : दोन शेर हाय. डाव्या खिशात शेंगदाणं हायती.

हंबीरराव : तुला कुणी इचारलं गं?

चिंतामण : तीन मण दोन शेर. हंबीरराव, या काट्यावर एवढी ढेप आजवर कुणी आणली नाही. आता उतरा आणि माझं ऐका. पाच वाजता पोस्ट बंद होतं. त्याआधी तुमच्या पुतण्याला, नाथाजीला, मुंबईला तार गेली पाहिजे, तर तो उद्या विमानाचं तिकीट काढील. शुक्रवारी सकाळी विमान सुटलं की दुपारी दिल्ली. तीन वाजता जोतीरामच्या पायाचं ऑपरेशन. आगगाडीनं गेलात तर पाय कापून झाल्यावर पोचाल.

साळूबाई : असं तोंडानं म्हणू नगा, दिवाणजी.

चिंतामण : चुकलो, साळूबाई. पण पत्रातच तसं आहे. काश्मिरात बर्फानं पाय काळा पडला, डॉक्टर गुडघ्याखालून काढणार, त्याआधी घरचं कुणीतरी एक जण समोर दिसावं. पोरानं एवढंच मागितलंय, आणि एका माणसाचं भाडंही पगारातून धाडलंय. तेव्हा बोला, तारेत उतारूचं नाव हंबीरराव घालू ना?

हंबीरराव : दमा जरा. आदी वजन जुळू द्या.

चिंतामण : कसं जुळणार? सामान न्यायचं चव्वेचाळीस पौंड, म्हणजे साडेएकवीस शेर. वरच्या दर पौंडाला जादा पैसे. ही रास दोन मणांच्या खाली नाही. यात जोतीरामचं किती?

साळूबाई : भाकरी आन लसणाची चटणी. पाच शेर.

चिंतामण : आणि बाकीचं?

हंबीरराव : गावचं. मलकापूरची अकरा पोरं दिल्लीला पलटणीत हायती. दिल्लीला मानूस निघाला आन एकाचं गाठुडं घेतलं, दुसऱ्याचं न्हाई, तर परत येऊन त्वांड कुठं दावायचं? ह्यो आप्पासोंचा तुपाचा डबा. ह्या बनुबाईच्या सांडग्या मिरच्या. ही लीलाबाईची गोधडी.

चिंतामण : आणि हा दगड?

हंबीरराव : वरवंटा हाय. धुळाच्या पोरानं पत्र घातलं, तितल्या जेवणात वाटलेली चटणी न्हाई म्हून.

चिंतामण : मग पाटा कुठाय?

हंबीरराव : पाटा मागनं कुणाच्या तरी हाती धाडणार हाय. सगळं एकदम आमच्याच डोक्यावर द्यायला धुळा काय येडा हाय?

चिंतामण : धन्य आहे. काही कमी तरी केलंत का नाही?

हंबीरराव : केलं की! भाकरी उनात वाळवल्या, पाव शेर उतरला. शेंगा सोलल्या, टरफलं घरी ठेवली. धा नारळ आलं हुतं, ते फोडून पानी काडलं.

चिंतामण : शाबास. पाण्याचं वजन गेलं.

हंबीरराव : गेलं कुठं? म्या पिलो.

चिंतामण : दहा नारळांचं?

हंबीरराव : देवाचं पानी, टाकून कसं द्यायचं? लोकांनी देवाफुडं ठेवून आनलं हुतं. आता ते माझ्या पोटात. सामानातनं गेलं आन माझ्यात आलं. इमानाला काय फरक पडला?

चिंतामण : पुष्कळ पडला! हा कागद बघा, कंपनीचा आहे. पुन्हा वाचतो. उतारूच्या स्वतःच्या अंगाचं वजन धरत नाहीत. फक्त सामान काट्यावर घालतात. समजलं? तुम्ही तीन मणांचे असा नाहीतर तेरा.

हंबीरराव : कागद लिवणाऱ्यानं मला बघितलंय का?

चिंतामण : तुम्हाला कशाला बघायला हवं?

हंबीरराव : दिवाणजी, तीस वर्सं तुमच्या काट्यावर गूळ घालतुया. ढेपंसंगट बारदान तोलता का न्हाई?

चिंतामण : तोलतो. मग वजा करतो.

हंबीरराव : पर आदी तोलता. मग म्या बारदान. आता इमान काय मला वजा करून उडणार हाय?

चिंतामण : अहो, विमान म्हणजे काय गुळाची अडत आहे?

हंबीरराव : काटा त्यो काटाच. साधा मानूस दीड मणाचा. म्या त्येच्या दुप्पट. जोत्यानं धाडलं एकाचं भाडं, आन बसणार दोघांएवढा. तितं साहेबानं मला काट्यावर चढवलं आन जादा पैसं मागितलं तर काय करू? वरवंटा इकू?

साळूबाई : आवं, भाकरी कमी करा. त्याला चार बी पुरतील. पर तुमी जावा.

हंबीरराव : भाकरीनं काय व्हतंय? मला तर ह्या काट्याचाच संशय येतोय. म्या एवढा भरायचा न्हाई.

चिंतामण : काट्याला काही बोलायचं नाही! गेल्या महिन्यात सरकारी शिक्का बसलाय.

हंबीरराव : मग परीक्षा घिऊ. साळे, बस बगू पारड्यात.

साळूबाई : म्या? बाईमानूस काट्यात बसतंय व्हय? पेठंतली मानसं बघत्यात.

हंबीरराव : दिवाणजी, दार लोटा. बस गं, घटकाभर. जोत्यासाठी बस.

चिंतामण : बसा, साळूबाई. पोस्ट बंद व्हायच्या आत हे प्रकरण मिटू दे. हां... जपून. एक मण... दोन शेर... चार. एक मण चार शेर.

हंबीरराव : पाटल्या धरून?

चिंतामण : पाटल्या, जोडवी, सगळं धरून.

हंबीरराव : म्हंजी बगा! दीड मणाच्या मानसाचं भाडं भरलं आन एक मण चार शेराची बाई गेली, तर सोळा शेर जागा फुकाट ऱ्हाती. त्यात सामानाचं साडेएकवीस. धरा मणभर. आप्पासोंचं तूप गेलं, मिरच्या गेल्या, गोधडी गेली...

चिंतामण : अहो, असं कुठल्याही कागदात—

हंबीरराव : वरवंटा बी बसतोय!

साळूबाई : म्या? इमानात? म्या अजून पुनं बगितलं न्हाई.

हंबीरराव : वरनं दिसंल.

साळूबाई : मला हिंदी कुठं येती?

हंबीरराव : पोराशी मराठीत बोल. स्टेशनावर नाथाजी येईल, इमानात बसवून दील. उतरल्यावर पलटणीतलं कुणीतरी न्यायला येणार हाय, पत्रातच लिवलंय. तुला काय इमान हाकायचं हाय?

साळूबाई : मागं म्हशीची धार कोन काडंल?

हंबीरराव : म्या.

साळूबाई : तुमाला लाथ मारती ती.

हंबीरराव : मारू दे. मला लागत न्हाई, म्या तीन मणांचा हाय.

साळूबाई : ...पुण्याची गाडी कवाची?

चिंतामण : आठची. अजून पुष्कळ वेळ आहे.

साळूबाई : पुष्कळ कुठला? दुसरं लुगडं वाळत घातलंय. शेजारच्या अंबूबाईला सांगाया पायजे. ही भाकरीची बुट्टी म्या माझ्याजवळच घेते, कुणाच्या हातात देणार न्हाई. आवं, तेवढं घोंगडं काडा अंगावरनं, बैलगाडीत टाकते.

हंबीरराव : टाक. आन सावकास जा, उंबरा हाय तितं.

चिंतामण : गेल्या. पळतच गेल्या की! हंबीरराव, आता मला खरं सांगा. कागद मी दोनदा वाचला. गूळ विकताना पाव शेराचा फरक तुम्हाला लांबून कळतो. आणि एवढी साधी गोष्ट कळली नाही?

हंबीरराव : कळली.

चिंतामण : मग हा तमाशा कशाला?

हंबीरराव : रविवारी पत्र आलं तवापास्नं ती भाकरी थापतीया. एक अक्षर बोलंना. चाळीस वर्सं संसार झाला, 'मला हे पायजे' असं त्या बाईनं कवा म्हणलं न्हाई. म्या 'तू जा' म्हणलं असतं तर 'तुमी बापमानूस, तुमीच जावा' म्हणाली असती. आईकलंत न्हवं आत्ता? म्या जावं म्हून चार भाकरीवर आली हुती. माझं म्हननं मोडलं असतं तिनं. काट्याचं कसं मोडंल?

चिंतामण : आणि तुम्हाला जायचं नव्हतं?

हंबीरराव : लय हुतं. पर म्या त्याला आखाड्यात उतरवला, दिवाणजी. त्याच पायावर उभा करून डाव शिकवलं. तो पाय बगून म्या रडलो असतो. आन पोरगं पडल्या पडल्या मलाच समजावत बसलं असतं. त्याला आई पायजे. लिवा तार.

चिंतामण : लिहितो. 'साळूबाई हंबीरराव, मलकापूर.' डोळे पुसा, त्या परत येतायत.

साळूबाई : आवं, वरवंटा ऱ्हायला. द्या हिकडं.

हंबीरराव : म्या आनतो की गाडीत.

साळूबाई : नगो. तुमाला वाकता येईना. आन आता ती धोतरं सोडा वरची. दिवाणजींनी कागद वाचला तवा म्या बी हितंच बसले हुते. अंगाचं वजन धरत न्हाईत.

हंबीरराव : ...तुला कळलं हुतं?

साळूबाई : व्हय.

हंबीरराव : मग पारड्यात का बसलीस?

साळूबाई : मला जायचं हुतं.