समोरच्या काकूंची बादली

नवा गिझर घेतला ना, तेव्हापासून जीवाला चैन नाही बघ माझ्या. अगं, झालं काय, वर्तकनगरच्या घरातला आमचा जुना गिझर गळायला लागला. हे म्हणाले, "सेल लागेपर्यंत थांबू." तोवर समोरच्या काकू रोज सकाळी बादलीभर गरम पाणी द्यायच्या. एकट्याच राहतात त्या. रिकामं भांडं परत कसं करायचं, म्हणून मी बादलीत पोळीभाजीचा डबा ठेवून द्यायचे. काकू नको नको म्हणत घ्यायच्या.

नवा गिझर बसला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काकू, दोन्ही हातांनी बादली धरून. "आज आली नाहीस गं?"

मी बोलायच्या आत हे मागून ओरडले, "काकू, आता तुम्हाला त्रास नाही! नवा बसवला!"

"अरे वा, छान झालं," म्हणून काकू भरलेली बादली घेऊन परत गेल्या.

दुपारी मी डबा घेऊन गेले. काकूंनी दार अर्धंच उघडलं. "आता कशाला गं? आता तू माझ्याकडून पाणी कुठे नेतेस?"

डबा तसाच घेऊन घरी आले, तर हे खूश. "बघ, पाणी कसं पटकन तापतं!"