हऱ्याची बोंब

—छे छे, राहू दे ना चालू. मला कसला प्रॉब्लेम? तीन अल्बम काढलेत आम्ही, रेकॉर्डिंगला घाबरणारा माणूस नाही मी. फक्त फोन तिथे पंख्याखाली नका ठेवू, नुसती घरघर येईल. इकडे ठेवा, टेबलावर. हां. तर काय म्हणत होतात भार्गवी मॅडम, मी हऱ्याला परत गायला समजावू. मीच का? — बरोबर आहे, मीच. माझ्या ट्रेलरच्या यार्डात कामाला आहे, सकाळ-संध्याकाळ तोंडासमोर असतो, मग केतनशेठनेच समजवायचं. आमचा गिटारवाला निकेत काल माणगावात तुम्हाला हो म्हणाला. दादू दोह्याहून सुट्टी टाकून येतोय बास वाजवायला. माझे ड्रम अजून माडीवर आहेत, बायको त्यावर गोधड्या वाळत घालते तो भाग वेगळा. पुण्याची ती मंडळी आमची जुनी गाणी नव्याने काढतायत, डिसेंबरात अलिबागला एक शो, वर तुमचं पुस्तक — सगळं जमलंय, आणि अडलंय कुठे तर हऱ्याच्या गळ्यात. दहा वर्षं झाली, त्याने आवाज चढवलेला नाही. घरी पोरीवरसुद्धा नाही.

मघाशी गेटवर शिट्टी मारत होता ना, निळा शर्ट? तोच. ओळखलं नाहीत? पोस्टरवरचे केस गेले आता. श्रीवर्धनला त्याला ऐकलंत तेव्हा तुम्ही अकरावीत होता म्हणालात — तो सुपारीच्या खळ्यातला कार्यक्रम. मला आठवतो ना! कुणाचे तरी आजोबा पुढच्या खुर्चीतून उठले आणि म्हणाले, आधी त्या मुलाला पाणी द्या रे कुणीतरी. पोस्ट-हार्डकोर वगैरे नाव तुमच्यासारख्यांनी दिलं, आम्ही त्याला बोंबाबोंबच म्हणायचो. मुंबईच्या एका कंपनीने बोलावलं होतं — हिंदीत गा, म्हणे, आणि ओरडणं थोडं कमी करा. ओरडणं कमी करा! मग राहिलं काय? आलो परत. मग स्वतःच रेकॉर्ड केलं, स्वतःच सीड्या काढल्या, माझ्या बापाच्या टेम्पोत सामान टाकून फिरलो, पेण, पनवेल, पुणे, गोवा, जिथे बोलावतील तिथे. आठ वर्षं. बाप म्हणायचा, कोन मेला काय रं घरान? तालीम चालू असायची आमची.

आणि तो आवाज कुठून आला, लिहून घ्या, हे कुणी लिहिलेलं नाही. हऱ्या आधी आमच्याच ट्रेलरवर क्लीनर होता. चाळीस फुटी ट्रेलर मागे घ्यायचा म्हणजे मागे माणूस लागतो — आन दो, आन दो, आन दो, बस! ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, त्याला फक्त ऐकू येतं. इंजिन चालू, शेजारी दुसरे चार ट्रेलर, वर क्रेन — आणि हऱ्याचं ‘बस’ त्या सगळ्यातून सुईसारखं यायचं. त्यावरूनच बँडचं नाव पडलं, ‘आन दो’. लोकांना वाटतं मोठा काही अर्थ आहे. काही अर्थ नाही, ट्रेलर मागे घेतात तेव्हा ओरडतात ते.

आता शिट्टी मारतो. एक लांब म्हणजे येऊ दे, दोन तोकड्या म्हणजे थांब. मीच आणून दिली. मीच म्हटलं, हऱ्या, तू गेटवर राहा, तुला ओरडायची गरज नाही. लोक म्हणतात केतनने मित्राला सांभाळलं. सांभाळलंच की! — का गात नाही हे निकेतने सांगितलंच असेल. पनवेलच्या कॉलेजात दुपारचा कार्यक्रम केला, दीड तास, हऱ्याच्या घशातून शेवटी नुसती हवा येत होती. पाच वाजता सामान ठेवायच्या गोडाऊनवर आलो. मी टेम्पो मागे घेतोय, हऱ्या मागे उभा राहून सांगतोय, निकेत शटरखाली गिटारचा स्पीकर, तो अँप, ओढतोय, त्याचा डावा हात खांबावर. आणि ‘बस’ आलंच नाही. आवाज गेलेला होता त्याचा, येणार कुठून? टेम्पो वीतभर जास्त गेला. निकेतची दोन बोटं — डाव्या हाताची, तारांवरची. संपला बँड; आता उरलेल्या बोटांनी वाजवीन म्हणतोय तो. हऱ्याला वाटतं ती बोटं त्याच्या गळ्याने खाल्ली. आता हजार वेळा सांगितलंय मी त्याला, तुझी चूक नाही रे, गळा बसला त्याला तू काय करणार. वर्षाला शंभर वेळा तरी सांगतो.

चहा घ्या, साय धरेल. — काय? सगळ्यात भारी बोंब कुठली? हा, पुस्तकासाठी. तुमचे ते नेटवरचे लोक भांडतात ना त्यावर, दुसऱ्या अल्बममधली की ‘खाजण’ गाण्याच्या शेवटची. दोन्ही नाहीत. अहो ‘खाजण’ची तर आम्ही अकरा वेळा घेतली, अकराव्यांदा तो दमला होता म्हणून तशी आलीय. मी मागे बसायचो मॅडम, ड्रमवर, आठ वर्षं त्याच्या पाठीकडे बघत. त्याचा आवाज फुटायच्या आधी त्याचे खांदे कसे वर जातात ते मला माहीत आहे. रेकॉर्डवरच्या सगळ्या चांगल्या आहेत, पण ठरवून मारलेल्या आहेत. खरी एकच. पहिलं ‘बस’ घोगरं आलं, अर्धं आत राहिलं, आणि मग लगेच दुसरं — फाटून, वरच्या पट्टीत, बाईसारखं — मॅडम, अंगावर काटा आला माझ्या. गळ्यात काही नसताना कुठून काढलं त्याने देव जाणे. तशी बोंब त्याने कधीच—

—कुठली म्हणजे? कुठल्यातरी शोला. आठवत नाही. एवढे शो केले, काय डायरी लिहायचो का मी?

बघताय काय अशा? ‘बस’ आमच्या गाण्यांतही होतं. होतं म्हणतो ना. — नव्हतं? सगळी गाणी पाठ आहेत तुम्हाला, वा. मग निकेतने सांगितलं असेल मला. — त्याला ऐकू नाही आलं? असं म्हणाला तो काल? बरोबर आहे, शटरखाली होता, अँप फरशीवर घासत होता... तो फोन बंद करा. बंद करा म्हटलं ना! उरणात बसलायत तुम्ही, माझ्या यार्डात, माझा चहा पिताय. गेट मी उघडलं तरच गाडी बाहेर जाते तुमची, कळलं?

...नाही, बसा. बसा, मॅडम. मी काही करत नाही. कप खाली ठेवा, सांडेल. माझं डोकं असंच आहे आधीपासून, बापावर गेलंय.

ऐकू आलं मला. दोन्ही. काच खाली होती.

पनवेलहून येताना टेम्पोत निकेतने सांगितलं, बेंगळुरूच्या एका बँडने बोलावलंय, पुढच्या महिन्यात जातो. असं, खिडकीतून बाहेर बघत. आठ वर्षं बापाच्या शिव्या खाल्ल्या मी, लग्न मोडलं एकदा माझं, आणि हा म्हणतो जातो. मी गाडी हाकत राहिलो. गाडी मागे घेताना आरशात हऱ्या दिसत होता, दोन्ही हात वर, तोंड वासलेलं. पहिलं ‘बस’ ऐकलं आणि मनात आलं, पळू दे त्याला. निकेतला. एकदा पळू दे घाबरून, उडी मारू दे. दुसऱ्या ‘बस’ला दाबला ब्रेक. देवाशपथ दाबला. हात तिथे आहे हे नव्हतं हो मला माहीत.

ते एक वेळ सोडा. त्याला चूक म्हणता येईल. पण नंतर इस्पितळाच्या बाकावर हऱ्या माझ्याशेजारी बसला. कार्यक्रमाने कान बधिर झालेले त्याचे, स्वतःचंच ऐकू येत नव्हतं. माझं मनगट धरलं आणि विचारलं, “केत्या, मी वरडलो ना रं? मला वाटतंय मी वरडलो.” सगळ्यांसमोर विचारलं, निकेतची आई उभी होती. आणि मी म्हटलं, नाही रे. नाही आला आवाज.

दहा वर्षं तो मानून चाललाय. कारण मी म्हटलं. मी सांगितलेलं त्याने कधी तपासलं नाही, साधा हिशोबसुद्धा नाही.

काय सांगू त्याला? तोंडातून निघत नाही माझ्या. मागच्या गणपतीत दारू पिऊन ठरवलं होतं, तेव्हाही त्याने माझ्याच डोक्यावर पाणी ओतलं आणि घरी सोडलं. — ते रेकॉर्डिंग नका पुसू. नका पुसू म्हटलं! फोन चालूच होता ना, आत्तापर्यंतचं सगळं आहे ना त्यात? मघाचं बोंबेचं पण? ते महत्त्वाचं आहे, ते त्याला पूर्ण ऐकवा, बाकीचं ऐकवलं नाही तरी चालेल. नाही, बाकीचंही ऐकवा. तो आत्ता गेटवर आहे, पुढचा ट्रेलर यायला दहा मिनिटं आहेत. मी येत नाही. मी आलो तर तो आधी मलाच विचारेल, केत्या, खरं हाय का, आणि माझा भरवसा नाही मॅडम, मी परत नाही म्हणेन.

उठा. चहा राहू दे. माझं मन फिरायच्या आत उठा आणि जा त्याच्याकडे, आणि दार बाहेरून ओढून घ्या.