केतकीचा पहिला पांढरा केस

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा, आज तुम्हालाच एक विचारायचंय. डोक्यावर पांढरा केस आला, तर ती लाज की देवाची देणगी? बघा, पुढच्या रांगेतल्या टोप्या लगेच खाली सरकल्या! कलप कुणाकुणाचा आहे ते मी सांगणार नाही. आज जेवण पिराजीरावांकडं आहे.

तर ऐका. पलीकडच्या तालुक्यात केतकी नावाची पोर. जन्मली तेव्हा सुईण म्हणाली मुलगा, पेढे वाटले, बारसं झालं. पण पोर बोलायला लागली ती हेच — मी मुलगी आहे. बाप म्हणाला, जाईल खूळ. खूळ कुठलं जातंय? असेल तर जाईल ना!

कीर्तनाला यायची बिचारी. बायकांत बसली, बायका सरकल्या. पुरुषांत बसली, पुरुष खाकरले. मग चपलांपाशी बसायची. देवाचं नाव ऐकायचं आणि तुमच्या चपला राखायच्या. शाळेतही तीच तऱ्हा, म्हणून नववीत दप्तर टाकलं.

आई कणीक मळत म्हणाली, "अगं शीक, पुढं सगळं आयुष्य पडलंय."

"कुणाचं आयुष्य? आमच्यातलं म्हातारं झालेलं कुणी बघितलंयस तू?"

आईचे हात कणकेत तसेच राहिले. तिनंही बघितलं नव्हतं.

पण आई खमकी. तालुक्याच्या वाचनालयात अशा मुलांसाठी दर रविवारी वर्ग भरायचा, तिथं पोरीला ओढत नेलं. आत मुलांना गणित, शेजारच्या खोलीत आईबापांना चहा. रडायचं तर रडा, पण भजी गरम आहेत तोवर खा! वर्ग चालवायच्या वैजयंता सिस्टर, सरकारी दवाखान्यातल्या. त्यांच्याही बारशाला मुलगा म्हणूनच पेढे वाटलेले.

केतकीनं पुस्तक उघडलंच नाही. आईला विचारलेला तोच प्रश्न सिस्टरांना विचारला. सिस्टरांनी अंबाड्याचे आकडे काढले, केस पाठीवर सोडले. निम्मे पांढरे.

"एकावन्न वर्षांची आहे मी. खोटे वाटत असतील तर ओढून बघ."

पोरीनं खरंच ओढले, मंडळी!

"अगं भवाने, हळू! म्हातारं व्हायला वेळ लागतो. तोवर त्रैराशिक शीक."

शिकली. दहावीला गणितात एकदा आपटली, खोटं कशाला सांगू? आज ती दवाखान्यात रक्त तपासते. अठ्ठावीस वर्षांची आहे. परवा आरशासमोर उभी होती, तर कानामागं एक पांढरा केस. तुम्ही आम्ही काय करतो? उपटतो! हिनं सिस्टरांना फोन लावला.

"ताई, आला!"

"कोण आला?"

"पांढरा केस!"

दोघी फोनवर हसल्या, मग रडल्या. आणि त्या रविवारी वर्गात एक नवीन लेकरू मान खाली घालून बसलं होतं, त्याच्यापुढं केतकीनं डोकं वाकवलं. "मोज," म्हणाली.

"एकच आहे," लेकरू म्हणालं.

"मग? सुरुवात एकापासूनच होते."

आता तुमच्याकडं वळतो. तीन दिवस मी इथून बघतोय, मागं चपलांपाशी एक लेकरू बसतंय. माना वळवून टकामका बघू नका, लाजेल ते. ज्यांचे केस पिकलेत त्यांनी जरा सरका. कुठल्या बाजूला बसायचं, ते त्यालाच विचारा. पिराजीराव, तुम्हीही सरका, कलप असला तरी चालेल. ते पुढं येऊन बसलं की टाळ उचलू. तोवर मी हा उभा आहे.