तिसऱ्या मजल्यावरील निधिनिक्षेप

नाव: सगळे 'सदरहू' म्हणतात. वय: ५८. धंदा: दस्तलेखन. राहणार: दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी पत्नीसह वरील पत्त्यावर राहतो व खरेदीखते लिहून पोट भरतो. शब्द जितके जास्त तितका दस्त वजनदार, असा आमचा धंदा आहे. आमच्या डोक्यावरची खोली एका निवृत्त व्यायामशिक्षकांनी विकत घेतली. खरेदीखत मीच लिहिले. त्यात नेहमीप्रमाणे "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप यांसह" असे घातले. तिसऱ्या मजल्यावर गवत कुठून उगवणार, असे पत्नीने तेव्हाच विचारले होते. मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं? गुरूंपासून चालत आलंय."

आज सकाळी मी दाढी करत असताना छतातून पहारीचे टोक खाली आले. पाठोपाठ गिलावा माझ्या डोक्यावर व एक ढेकूळ दुधाच्या पातेल्यात पडले. मी बोंब ठोकली. भोकातून मास्तर म्हणाले, "सदरहू, निधिनिक्षेप म्हणजे पुरलेलं धन ना? शब्दकोशात बघितलं. नळाला पाणी आहे, लाकडाचं कपाट आहे. धन तेवढं मिळायचं राहिलंय."

ते नुसते लिहायचे असते, असे मी सांगितले. "म्हणजे खोटं लिहिलंत?" असे ते म्हणाले. पत्नी म्हणाली, "आज भोक बुजलं नाही तर मी चालले बहिणीकडे."

मी तातडीने चूकदुरुस्तीपत्र लिहून वर नेऊन दिले: "सदर खोलीत ज्ञात, अज्ञात, दृश्य, अदृश्य अथवा यापुढे सापडणारा कोणताही निधी नाही." मास्तर आनंदाने ओरडले, "यापुढे सापडणारा!" आणि आमच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर दुसरे भोक सुरू झाले.

तेव्हा पत्नीने माझे पेन ओढून घेतले व एका पाठकोऱ्या कागदावर लिहिले, "खोलीत काही पुरलेलं नाही. खणू नका." मास्तरांनी ते वाचले, पहार खाली ठेवली आणि सिमेंट आणायला निघाले. जाताना म्हणाले, "वहिनी, माझं मृत्युपत्र लिहून द्याल?" ती हो म्हणाली. दुपारपर्यंत आमच्या दारात आणखी तिघे येऊन बसले. त्यांतले दोघे माझे जुने पक्षकार होते. चहा मी केला.

मास्तरांविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार पत्नीविरुद्ध आहे. कलम हवालदारांनी शोधावे.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. हवालदारांनी माझे निम्मे शब्द गाळले, तरी अर्थ पुरता शिल्लक राहिला, याचे मला फार वाईट वाटते.