आखाजी ते आखाजी, एकवीस मासे

तापीतले बठ्ठे मासे मले वळखतात, हे पहिले लिव्हा भाऊ. वळखतात म्हनूनच मी काठावर आलो का ते पळतात.

जन्म मुक्ताईनगरच्या खालच्या अंगाले, नदीकाठच्या भोयाच्या घरात. शाळेत मी एकच दिस गेलो. मास्तरनं पाटीवर एक अक्षर काढलं आन म्हने हे काय हाये सांग, मी म्हटलं गळ. बठ्ठी पोरं हासली. मास्तर म्हने तू नदीवरच जाय बाबा. माहं पोरगं मोठं झाल्यावर त्यानं मले सांगितलं का तो ट व्हता, पन मले इचाराल तर अजूनबी तो गळच दिसते. मंग बापानं हातात फेकजाळं देलं, त्याची दोरी मनगटाले बांधलेली राह्यते, जाळं फेकाचं आन आपन काठावर राहाचं, एवढं सोपं काम. मी जाळ्याच्या मांगं पान्यात. बापानं ओढून काढलं आन आईले वरडून सांगे, आज एकच घावला, तोबी आपलाच.

आता सांगतो मेन गोष्ट. मले एकच पोरगं, गुलाब. तो सुरतेले कापडाच्या कारखान्यात. दर आखाजीले, तुमच्या अक्षयतृतीयेले, बायको घेऊन घरी येते आन दर आखाजीले तेच म्हनते, आबा, चाला आता सुरतेले, नदीत काय राह्यलं, धरनात सोडलेले तीन मासे आन चौथी चिलापी, याच्यासाठी गुडघे झिजवता का. आता निस्तं गुडघ्याचं म्हटलं असतं तर मी आयकून घेतलं असतं भाऊ, गुडघे खरंच गेलेत, उठतांनी दाराची कडी वाजल्यासारखे वाजतात. पन नदीत काय राह्यलं म्हटल्यावर माहं डोकं फिरलं. बठ्ठी आळी जमा व्हती, झोके बांधलेले, लेकी माहेराले आलेल्या, आन मी सगळ्याईच्या समोर बोलून बसलो का या आखाजीपासून त्या आखाजीपर्यंत एकवीस जातीचे मासे काढून दाखवतो याच पान्यातून. काढले तर सुरतेचं नाव घ्याचं नाय. एक जरी कमी पडला तर जाळं जाळतो आन तुह्या मांगं मुकाट येतो. एकवीस काहून म्हटलं कोनास ठाऊक. पंधरा म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती का माही.

गुलाब म्हने, ठरलं.

लिव्हता येत नाय, मंग मोजाचं कसं. त्याच्यासाठी मी लय हुशारी केली. जो नवा मासा घावला त्याचा एक खवला काढून घरातल्या भिताडावर डिंकानं चिटकवाचा. रोहू, कटला, मिरगळ, चिलापी, पहिल्या महिन्यातच चार खवले. मी दिसभर भिताडापाशी बसून राहू, येनाऱ्याजानाऱ्याले दाखवू. मंग शिंगाडा घावला. त्यानं काटा मारला, हात फुगून हा एवढा झाला, तरी मी खुशीत. घरी आनला, उलटा केला, पालटा केला, खवलाच नाय! शिंगाड्याले खवला नसते हे भोयाच्या बारक्या लेकराले ठाऊक राह्यते भाऊ, आन मी साठीचा भोई सुरी घेऊन खवला शोधतो. मंग काय करता, त्याची मिशी चिटकवली. मांगुराचीबी मिशीच. वाम घावली तर तिले ना खवला ना मिशी, तिच्या शेपटीचा शेंडा चिटकवला, तो मुंग्यायनं नेला. माही बायको इंदू, तिचं माहेर साक्रीकडचं, तिची बोली येगळी, ती म्हने, हाई घर शे का न्हाव्यानं दुकान?

झिंगा घावला तवा मी सुरतेले फोन लावला, म्हटलं बारा झाले. गुलाब म्हने आबा, झिंगा मासा नाय. मी म्हटलं मंग काय भाजी हाये का? पन पोरगं शिकलेलं, माघार मलेच घ्या लागली. अकराच राह्यले.

हिवाळ्यात पानी उतरलं तसा मी डबकं डबकं हुडकलं. मरळ काढली, चोचीसारख्या तोंडाचा काढला, बोटाएवढा पट्ट्यापट्ट्याचा काढला, त्याचं नाव मले नाय आलं तर माह्या बापाचं नाव देलं. दोनदा घसरून पडलो, एकदा चष्मा नदीले देला. आखाजीच्या आदल्या दिसापर्यंत वीस. एक बाकी.

आखाजीच्या सकाळी गुलाब काठावर येऊन उभा राह्यला. मी कमरेएवढ्या पान्यात. टाकतो, ओढतो, चिलापी. टाकतो, ओढतो, चिलापी. बारा वाजले, हात उचलत नव्हता, गुलाब म्हने आबा निघा आता बाहीर. मी म्हटलं अजून एक डाव. आन त्या डावाले आला भाऊ, काळा कुळकुळीत, अंगावर ठिपके, पाठ दगडासारखी खरबडीत, तोंड खाली, कपासारखं. उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी नाचलो. नाचतांनी पडलो ते सोडा.

गुलाबनं पाहिला आन म्हने, हा नाय चालनार आबा. हा काचेच्या पेटीतला मासा हाये, सुरतेत लोकं घरात ठेवतात, कोनीतरी कटाळून नदीत फेकला असंन, हा आपल्या नदीतला नाय.

मंग मात्र माहा आवाज चढला. म्हटलं चिलापीतरी कोन्या तुह्या आजीनं जन्माले घातली व्हती, तीबी बाहीरचीच, तिले मोजली ना तुनं? हा काचेतून निघाला, या गढूळ पान्यात कोनाचं न इचारता जगला, एवढा मोठा झाला. आन मी इथला, मले तू काचेत ठेवाले निघाला. सांग, कोन चुकते? मोज एकवीस.

गुलाबनं वाकून जाळ्यातून तो मासा उचलला. मंग म्हने, एकवीस. आन त्या माशाचा खवला काही केल्या निघेना, चिमटा वाकला, तर गुलाबनंच विळीनं त्याच्या पाठीवरचा पंखा कापून भिताडावर चिटकवून देला. दुसऱ्या दिसी गाडीत बसून नवराबायको सुरतेले गेले. सुरतेचं नाव परत नाय घेतलं त्यानं.

तर असं हाये भाऊ. आताबी रोज पहाटे जाळं घेऊन जातो, गुडघे वाजवत. जवर हात उचलते तवर मले इथून कोनी हालवत नाय, पोराले हारवला मी, आन हे मोठ्या अक्षरात लिव्हा—

तिकून इंदू चुलीपाशी बसल्या बसल्या म्हने, दादा, पोरगा काही हारना नई. त्यानी सुरतनी खोली दहा फूटनी शे. हाऊ म्हातारा येत नई म्हनताच सून गाडीमा बसीसन हासनी, मी देखं.